लेफ्टनंटच्या हातात नकाशा

आमच्या स्लेट ओढ्याच्या खोऱ्यात एस्टिल मन्सीचं एक वाक्य शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. पेट्रोल पंपावर म्हणा, चर्चच्या जेवणात म्हणा, कुणी सैन्याचं नाव काढलं की म्हातारा टोपी मागे सारायचा आणि सांगायचा, की जगात भ्यायचं दोघांनाच. एक साप आणि दुसरा हातात नकाशा असलेला लेफ्टनंट. त्यातल्या त्यात साप बरा, त्याला आपलं बीळ तरी सापडतं. लोक हसायचे. शंभरदा ऐकलेलं असलं तरी हसायचे. एस्टिल व्हिएतनामला जाऊन आलेला, वर तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली. त्याच्या विनोदाला न हसण्याची कुणाची टाप होती?

आणि अशा माणसाच्या घरात लेफ्टनंट निपजावा!

ड्रीमा ही त्याची नात. आई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दोन-दोन पाळ्या करायची, बाप कुठे होता ते त्या बापालाच ठाऊक. पोरीला वाढवलं पापॉनेच. आजोबाला आमच्याकडे पापॉ म्हणतात, आणि ड्रीमाच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा तोच शब्द. लाकडं कशी फोडायची, रानलसूण कुठल्या उतारावर उगवतो, खार कुठल्या झाडावर उतरते, सगळं तिला त्याने शिकवलं. रानात ती कधी हरवली नाही. सोळाव्या वर्षी ओढ्याला पूर आला तेव्हा या कार्टीने आरडाओरडा करून अकरा घरांची माणसं कुत्र्यामांजरांसकट डोंगराच्या धारेवर चढवली. आमचा पाद्री 'देवाची इच्छा' म्हणत खुर्चीत बसून राहिला होता, त्याला तिने दंडाला धरून उठवलं. तेव्हापासून तो तिला वचकून असतो.

कॉलेजला गेली ती तीन तासांवरच्या गावात. तिथे शिकता शिकता सैन्याचा अधिकारी, म्हणजे सुरुवातीला लेफ्टनंट, होण्याचं शिक्षण मिळतं. पहिली दोन वर्षं कुणावरही बंधन नसतं, वाटलं तर राहा, नाही तर सोडा. ड्रीमा गेली ती बुटांसाठी. नाव घातलं की चांगले भक्कम बूट मिळतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिचे जुने बूट तळाला चिकटपट्टी लावून चालले होते. महिनाभर बूट वापरायचे, मग राम राम ठोकायचा, असा साधा सरळ बेत.

महिना झाला आणि पोरगी सोडायचं नाव घेईना. पहाटे साडेपाचला मैदानावर धावायचं, दिवसा वर्गात इतिहास आणि गणित, गुरुवारी दुपारी रानात. कमरेला दोर बांधून नदी ओलांडायची, नऊ जणांना काय करायचं ते दोन मिनिटांत समजावून सांगायचं, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. तिथे एक रिवाज होता, जो म्होरक्या असेल तो जेवणाच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहतो. पहिल्यांदा ती म्होरकी झाली तेव्हा तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचे राजम्याचे चार दाणे आले. त्या दिवशी तिने आईला फोन करून हे इतक्या आनंदाने सांगितलं, की आईला वाटलं हिला ताप आला असावा.

शिकवणारा सार्जंट टिबोडो लुइझियानाच्या दलदलीतला माणूस. त्याच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक. बुटका, मानेचा पत्ता नाही, आणि आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. ड्रीमावर त्याचा भारी जीव, म्हणून तिच्यावर सगळ्यांत जास्त ओरडायचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कायमचं नाव घालून शपथ घ्यायची वेळ आली, तेव्हा कुठे तिने घरी सांगितलं. म्हातारा ऐकून घेताना लाकूड तासत होता. तासतच राहिला. मग म्हणाला, शिपाई झाली असतीस तर पाठीवर हात ठेवला असता, लेफ्टनंट कशाला? ड्रीमाही त्याचीच नात. तिने खिशातून चांदीचा डॉलर काढून त्याच्यासमोर ठेवला. नवा लेफ्टनंट झाला की त्याला आयुष्यातला पहिला सलाम एखादा जुना शिपाई किंवा सार्जंट करतो, आणि लेफ्टनंट त्याच्या हातात चांदीचा डॉलर ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. ती म्हणाली, हा तुझा, पापॉ, दोन वर्षांनी घ्यायचा.

"या हाताने लेफ्टनंटला सलाम?" एस्टिल म्हणाला. "हात झडला तरी नाही." डॉलर त्याने बोटाने तिच्याकडे परत सरकवला.

तेव्हापासून तो डॉलर तिच्या टेबलाच्या खणात मोज्यांखाली पडून होता. कुणाकडे बोलली नाही, पण तिच्या डोक्यात एकच घोकणं होतं, की पहिला सलाम पापॉचाच हवा.

तिसऱ्या वर्षीचा एप्रिल आला आणि गाडी अडली. नकाशाची परीक्षा! हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकट्याने रानात शिरायचं, पाच तासांत आठ खुंट शोधायचे. निदान पाच तरी सापडायला हवेत. प्रत्येक खुंटावर एक अक्षर असतं आणि एक चिमटा टांगलेला असतो, त्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं, म्हणजे थापा मारायची सोय नाही. ही परीक्षा पास झाल्याशिवाय उन्हाळ्याच्या शिबिराला जाता येत नाही, आणि शिबिर नाही तर लेफ्टनंटपद नाही. ड्रीमा हसत हसत रानात गेली. डोंगरातली पोर, तिला काय अवघड? परत आली ती तीन भोकं घेऊन. दुसऱ्या शनिवारी चार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. तिच्या वर्गातला वेस्ली यॉस्ट, ओहायोच्या सपाट मक्याच्या शेतातला पोरगा, ज्याने टेकडी पाहिली ती कॉलेजात आल्यावर, त्याने सात खुंट आणले. आणून वर तिला विचारलं, की डोंगरातली माणसं घरी कशी पोचतात, गाईच्या शेपटीला दोरी बांधून? ड्रीमाने त्याला अशी काही शिवी हासडली, की सार्जंट टिबोडोने शब्द नवा असल्याने अर्थ विचारून घेतला. पण नंतर सार्जंट तिला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला, आणि त्याचा हळू आवाज ऐकून ती घाबरली. तिसरी संधी शेवटची होती. येत्या शनिवारी.

मधल्या रविवारी ती घरी आली. आईने रानलसूण आणि बटाटे डुकराच्या चरबीत परतले होते. तो लसूण खाल्ला की आठवडाभर माणसाजवळ उभं राहवत नाही, पण एप्रिलात तो खाल्ला नाही तर वसंत आला असं आमच्याकडे कुणी मानत नाही. जेवण झाल्यावर ड्रीमाने तिथेच टेबलावर नकाशा पसरला. म्हातारा दाराशी उभा राहून कॉफी पीत होता. थोडा वेळ त्याने कळ काढली. मग विचारलंच, की लेफ्टनंटीणबाई कुठे हरवल्या होत्या?

तिने बोट ठेवून दाखवलं. इथून निघाले, ही डोंगराची सोंड उतरले, इथे ओढा लागला, इथे हा खुंट असायला हवा होता. सापडला नाही. दोन्ही शनिवारी असंच.

म्हातारा जवळ आला. चष्मा लावला. बराच वेळ त्याने नकाशावरून नजर काढली नाही आणि कॉफीचा कप हातातच कलंडत राहिला.

"ओढ्यापाशी आलीस आणि होकायंत्र खिशात टाकलंस," तो म्हणाला.

"ओढ्याकाठी होकायंत्र कशाला लागतं, पापॉ?"

"आणि खुंट कागदावर खालच्या अंगाला, म्हणून पाण्याबरोबर खाली चालत गेलीस."

ड्रीमा त्याच्याकडे बघतच राहिली. तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं.

आता हे आमच्या लोकांचं खास आहे, बाहेरचा माणूस अशी चूक करूच शकत नाही. आमच्याकडे उत्तर-दक्षिण कुणी बोलत नाही. ओढा येतो तिकडे वर, ओढा जातो तिकडे खाली. मामीचं घर वर, चर्च खाली, शाळा त्याच्याही खाली. पाळण्यात असल्यापासून हे अंगात मुरतं. आणि आमचे ओढे सगळे उत्तरेकडे वाहतात. नकाशात उत्तर असते कागदाच्या वरच्या बाजूला. म्हणजे आमचं पाणी कागदावर खालून वर चढतं! डोक्याला ते कळतं, पण दमलेल्या पायांना कोण सांगणार? कागदावर खुंट खाली दिसला की पाय पाण्याबरोबर खाली निघतात, नेमके उलट्या दिशेला. परीक्षेच्या रानातले ओढेही तसेच उत्तरेकडे वाहणारे.

एस्टिलने काही न बोलता नकाशा धरला आणि टेबलावर पुरता उलटा फिरवला. अक्षरं डोक्यावर उभी राहिली. पण ओढा आता वरून खाली, ड्रीमाकडे वाहत आला, आपल्या स्लेट ओढ्यासारखा. तिने तोंडावर हात ठेवला. दोन शनिवारांत जे जे बिनसलं ते सगळं तिला एकदम दिसलं, आणि ती खुर्चीवरून उठून नाचायलाच लागली. आई भांडी टाकून बघायला आली.

म्हातारा मात्र हसला नाही. खाली बसला. आईला म्हणाला, तूही बस, तूही ऐक.

"लेफ्टनंट कॅल्डर बावीस वर्षांचा होता. ओहायोचा, कॉलेजातून आलेला. नकाशा त्याच्याकडे आणि होकायंत्र माझ्याकडे. एका ओढ्यापाशी आलो, तोही आपल्यासारखाच उत्तरेकडे वाहणारा. धुकं. त्याने मला नकाशा दाखवला, म्हणाला, मन्सी, तू डोंगरातला, कुठल्या बाजूला? मी होकायंत्र काढलंसुद्धा नाही. म्हटलं, खाली."

आईने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि ते फडकं तसंच धरून ठेवलं.

"आपल्याच तोफांचे गोळे जिथे पडायचे होते तिथे जाऊन उभे राहिलो. आमच्या तुकडीतल्या अर्लचा पाय गेला. दोघं भाजले. चौकशी झाली तेव्हा कॅल्डर एवढंच म्हणाला, नकाशा माझ्या हातात होता. माझं नाव घेतलं नाही. त्याला घरी पाठवून दिलं."

"आणि तू?" ड्रीमाने विचारलं.

"मी गप्प बसलो. मग इथे येऊन बेचाळीस वर्षं लोकांना हसवलं."

मला विचाराल तर त्याच्यावर रागवावं की त्याच्या गळ्यात पडावं, तेच कळेनासं व्हावं असा तो प्रसंग. ड्रीमा गळ्यात पडली. आणि पोरगी पक्की, त्यातही तिने विचारून घेतलं, की आता तरी पहिला सलाम करशील ना? म्हाताऱ्याने मान हलवली. आता तर मुळीच नाही, म्हणाला. ज्याने एका लेफ्टनंटचं नाव मातीत घातलं, त्याचा सलाम घेऊन कुणाचं भलं व्हायचंय? आधी नाही म्हणायचा तो तिरस्काराने, आता शरमेने, आणि शरम हटवणं जास्त कठीण.

शनिवार उजाडला. दरीत धुकं, झाडांना नुकती पालवी फुटलेली. शिट्टी झाली आणि ड्रीमा सुटली. पहिला खुंट चाळीस मिनिटांत, दुसरा धारेच्या मागे, तिसरा एका पडक्या झोपडीपाशी. दर शंभर मीटरला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकत होती, ओठांवर पावलांची मोजणी. चौथ्या खुंटाने तिला छळलं. लॉरेलच्या दाट झुडपांच्या जाळीत शिरली तर बाहेर पडता येईना. हात ओरबाडले, टोपी अडकली. ती टोपी तिथेच सोडून निघाली. चौथं भोक पडलं तेव्हा घड्याळात पन्नास मिनिटं उरली होती. परतीलाच वीस लागणार. म्हणजे अर्धा तास आणि एक खुंट.

सोंड उतरली. खाली ओढा खळखळत होता. नकाशावर नजर टाकली, खुंट खालच्या अंगाला, अर्धा किलोमीटर. आणि खरं सांगतो, सगळं ठाऊक असूनसुद्धा तिचे पाय पाण्याबरोबर वळले! दहा-बारा पावलं ती गेलीही. अंगातली सवय अशी असते. मग ती थबकली, मोठ्याने स्वतःच्याच नावाने ओरडली, "मन्सी, होकायंत्र काढ!" आणि एका दगडावर बसून नकाशा उलटा केला. कागदावर पाणी तिच्याकडे वाहत आलं. खुंट पाण्याच्या वर होता. सुई पाणी जात होतं तिकडे, उत्तरेला, दाखवत होती, म्हणजे खुंट तिच्या उलट, दक्षिणेला.

ती पाण्याविरुद्ध पळत सुटली. काठाने वाट नव्हती तिथे सरळ ओढ्यातून, गुडघ्याएवढ्या गार पाण्यातून, फुकट मिळालेल्या त्याच बुटांनी. एका वळणावर नारिंगी-पांढरा खुंट दिसला. अक्षर ताडून पाहिलं, तेच. कार्डाला भोक पाडलं, आणि ते बरोबर पडलंय ना म्हणून त्यातून एक डोळा लावून आभाळ बघितलं. मग जी पळाली! फांद्या तोंडावर आपटताहेत, छाती भात्यासारखी चाललीय, आणि बया हसतेय.

मैदानाच्या कडेला सार्जंट टिबोडो घड्याळ धरून येरझारा घालत होता. वेस्ली यॉस्ट, तोच टवाळ, खडकावर चढून सगळ्यात मोठ्याने तिच्या नावाने ओरडत होता. ती रेषेवर पोचली तेव्हा चार मिनिटं बाकी होती. सार्जंटने कार्ड उन्हात धरून पाच भोकं पाहिली, एकेक पाहिलं, आणि मग नाक दाबून म्हणाला, "मन्सी, तू आत्ता आलीस, पण तुझा तो लसूण केव्हाचा येऊन थांबलाय." आणि वळून त्याने डोळे पुसले. लसणाने, असं त्याचं म्हणणं.

उन्हाळ्याचं शिबिर तिने गाजवलं. चौथ्या वर्षी तर साठ पोरांची म्होरकी झाली. नोव्हेंबरात एकदा रानातल्या कवायतीत एक भलतंच झालं. होकायंत्र पहिल्या वर्षाच्या एका पोरीकडे होतं, तिने दिशा चुकवली, आणि सगळी टोळी दोन तास बर्फाच्या भुरभुरीत भलत्याच घळीत फिरली. परत आल्यावर सार्जंटने सगळ्यांना उभं करून विचारलं, कुणी चुकवलं? ती पोरगी पांढरीफटक पडली होती. ड्रीमा एक पाऊल पुढे आली. "नकाशा माझ्या हातात होता, सार्जंट," म्हणाली. दोन आठवडे सगळ्यांच्या आधी उठून मैदान झाडायची शिक्षा झाली, ती तिने भोगली. घरी अवाक्षर काढलं नाही.

मे महिन्यात कॉलेजच्या सभागृहात समारंभ झाला. आमच्या खोऱ्यातून तीन गाड्या भरून माणसं गेली, पाद्रीसुद्धा. एस्टिल आला, धुतलेला सदरा घालून, पण शेवटच्या रांगेत दारापाशी बसला. सलाम करणार नाही हे त्याने पुन्हा बजावलं होतं, म्हणून ड्रीमाने सार्जंट टिबोडोला विनवलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. समारंभाआधी कॉफीच्या टेबलापाशी सार्जंट म्हाताऱ्याला भेटला. माणूस बोलघेवडा, नोव्हेंबरातली गोष्ट त्याने मिटक्या मारत सांगितली. चूक कुणाची ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, म्हणाला, पण तुमच्या नातीने काय उत्तर दिलं ऐका. आणि ते वाक्य त्याने जसंच्या तसं सांगितलं.

एस्टिलने कप खाली ठेवला तो टेबलाच्या बाहेर. फुटला. मग त्याने सार्जंटची बाही धरली आणि काहीतरी विचारलं.

शपथ झाली. आईने पोरीच्या खांद्यावर पट्टी लावली. मग पहिल्या सलामासाठी सार्जंट टिबोडोचं नाव पुकारलं, आणि टिबोडो जागचा हलला नाही. मान नसलेला तो माणूस सगळं अंग वळवून शेवटच्या रांगेकडे बघू लागला. म्हातारा उठला. मधल्या वाटेने चालत आला, खाणीने वाकवलेली पाठ जमेल तितकी ताठ करत. ड्रीमासमोर टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला.

तिनेही हात कपाळाला नेला. आणि तशीच उभी राहिली, डोळ्यांतून धारा. चार वर्षं घोकलेलं सगळं विसरली. दोघं एकमेकांसमोर कपाळाला हात लावून उभे. म्हाताऱ्याचा हात अवघडला, पण खाली येईना.

"हात आधी तू खाली घ्यायचा, लेफ्टनंट," तो ओठ न हलवता म्हणाला. "तोवर मला हलायची परवानगी नाही."

तिने हात खाली घेतला. मग त्याने. मोज्यांखालचा तो डॉलर तिने त्याच्या तळहातावर ठेवला, आणि आमच्या तीन गाड्यांनी जो काय गोंगाट केला त्याबद्दल कॉलेजने आम्हाला माफ करावं.

बाहेर आल्यावर एस्टिल गाडीपाशी थांबला. सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. वर्षभर कुणाकुणाला विचारून त्याने तो मिळवला होता. ओहायोतल्या एका गावात कॅल्डर नावाच्या माणसाचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं, तो अजून रोज दुकानात बसत होता. म्हातारा किल्ली ड्रीमाच्या आईकडे देऊन मागच्या सीटवर सरकला.

"लेफ्टनंट, नकाशा काढ," तो म्हणाला. "रस्ता तू सांगायचा."

ओहायो आमच्या उत्तरेला. पाणीही तिकडेच जातं. ड्रीमाने पुढच्या सीटवर बसून नकाशा मांडीवर पसरला, तो उलटा केला, आणि आईला सांगितलं, खाली चल.